कामठीचं पान, चिखल्याचा गोटा

नागपूरहून भंडाऱ्याला महामार्गानं जायला फार वेळ लागत नाही. आम्ही मात्र लांबचा फेरा धरला. आधी कामठी, मग कन्हान नदी ओलांडून मनसर-रामटेक, तिथून तुमसर, मग भंडारा-साकोली, पवनी आणि शेवटी नांद-पिसदुरा. हा मार्ग सरांनी आखला होता. कॉलेजात त्यांनी मला भूविज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या पिशवीत हातोडा, भिंग आणि होकायंत्र असतंच. भंडाऱ्याचे खडक पाहायचे आहेत असं मी म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "मग आधी कामठीला चल. जीवाश्म असलेला खडक डोळ्याखालून गेल्याशिवाय नसलेला खडक कळत नाही."

कामठीचा वालुकाश्म पिवळसर, कुठे तांबूस, लोखंडाच्या गंजानं पट्टे उमटलेला. गावाच्या नावावरूनच भूवैज्ञानिकांनी या थरांना कामठी स्तरसमूह म्हटलं आणि ते नाव आज देशभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. जवळच सिलेवाडा आहे. तिथल्या जुन्या दगडखाणींत एकोणिसाव्या शतकात पानांचे ठसे सापडले. जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. हे ग्लॉसोप्टेरिस. ॲडॉल्फ ब्राँन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२८ मध्ये त्याला हे नाव दिलं. नागपूरकडचे नमुने जमवले ते स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी. नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर या दोघांनी लिहिलेला निबंध १८५५ च्या सुमारास लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे १८६१ मध्ये चार्ल्स बनबरी यांनी नागपूरकडच्या वनस्पती-जीवाश्मांचं सविस्तर वर्णन केलं.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण ज्याच्या नावानं ते उभं आहे तो माणूस आमच्या भागाचा पहिला मोठा जीवाश्म-संग्राहक होता हे फार थोड्यांना माहीत असतं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. टाकळघाटला गेले होते तेही जमिनीत पुरलेल्या काळाच्या ओढीनंच. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

सरांनी कामठीचा एक साधा तुकडा हातात दिला. ठसा वगैरे काही नसलेला, नुसता वाळूचा दगड. म्हणाले, "हा किती जुना, सांग." सांगता येणं शक्यच नव्हतं. वाळू नदीत साचते, तिच्यावर गाळ चढतो, दाबानं ती घट्ट होते. हे २५ कोटी वर्षांपूर्वी झालं, ५० कोटी वर्षांपूर्वी झालं आणि आजही वैनगंगेच्या पात्रात चालू आहे. वाळूला काळ नसतो. रंग, कण, कठीणपणा यांवरून दोन ठिकाणचे थर एकच आहेत असं म्हणावं, तर शंभर कोसांवर तसाच दिसणारा दुसऱ्याच युगातला दगड भेटतो. जीवसृष्टीचं तसं नाही. एक जात उत्पन्न होते, पसरते, नष्ट होते आणि पुन्हा कधीही जशीच्या तशी परत येत नाही. म्हणून ज्या थरात ती सापडते तो थर काळाच्या एका ठराविक तुकड्यातलाच असणार.

हे सूत्र प्रथम हाती लागलं ते इंग्लंडात कालवे खणणाऱ्या एका मोजणीदाराच्या. विल्यम स्मिथ सॉमरसेटच्या कोळसा-कालव्यावर काम करत होता. एकसारख्या दिसणाऱ्या चिकणमातीचे थर एकमेकांपासून ओळखता येतात ते त्यांतल्या शिंपल्यांवरून, आणि शिंपल्यांचा वरून खाली लागणारा क्रम गावोगाव तोच राहतो, हे त्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपलं. या ज्ञानावर त्यानं १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा छापला. त्याच सुमारास पॅरिसच्या खोऱ्यात कूविए आणि अलेक्झांडर ब्राँन्यार, म्हणजे ग्लॉसोप्टेरिसला नाव देणाऱ्याचे वडील, तेच काम करत होते. डार्विनचा ग्रंथ यायला अजून कित्येक दशकं होती. जीव का बदलतात हे कुणाला सांगता येत नव्हतं, पण कोणत्या क्रमानं बदलतात ते खडकावर वाचता येत होतं.

कामठीचं पान जगात कुठे कुठे सापडलं ते ऐकून आमचे सारथी थक्क झाले. ते तुमसरकडचे, सरांना 'गुरुजी' म्हणणारे. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत हेच पान. १९१२ च्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या साथीदारांनी बिअर्डमोर हिमनदीच्या काठी दगड गोळा केले. उपासमारीनं, थंडीनं खंगलेल्या त्या माणसांनी सुमारे १६ किलोचं ते ओझं शेवटपर्यंत टाकलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर ते दगड सापडले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस निघालं. या वनस्पतीच्या बिया मोठ्या होत्या, वाऱ्यावर समुद्र ओलांडणाऱ्या नव्हत्या. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं या साऱ्या भूभागांचा मिळून एकेकाळी एकच खंड होता असं मांडलं आणि १८८५ मध्ये त्याला नाव दिलं गोंडवाना. आम्ही ज्या गोंडांच्या मुलखातून चाललो होतो, त्याचंच.

पण पान ओळखलं म्हणून काळ कळला असं झालं नाही. युरोपातल्या कोळशात आढळणारी झाडं निराळी. आपल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कोळशातली झाडं त्यांच्याशी जुळेनात. मग त्यातल्या काही नेच्यांचं यॉर्कशायरच्या ज्युरासिक नेच्यांशी साम्य पाहून हा कोळसाही ज्युरासिकच असं मोठमोठे लोक म्हणत राहिले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे फ्रेडरिक मकॉय त्याच मताचे. त्यांच्या विरोधात उभे राहिले न्यू साउथ वेल्सचे पाद्री विल्यम क्लार्क. त्यांचं म्हणणं असं की कोळशाच्या थरांशी निगडित समुद्री थर आहेत, त्यांतले शिंपले फार प्राचीन आहेत, मग मधला कोळसा तरुण कसा? वाद कित्येक वर्षं चालला आणि बरोबर ठरले क्लार्क. आपल्याकडे १९२१ मध्ये मध्य भारतात उमरियाजवळ गोंडवाना खडकांत समुद्री शिंपल्यांचा एक छोटा थर सापडला, तेव्हा इथल्या थरांची सांगड जगाच्या पर्मियन कालगणनेशी पक्की घालायला आधार मिळाला. झाड जमिनीवरचं, त्याचा पसारा हवामानाच्या पट्ट्यापुरता. समुद्रातला प्राणी प्रवाहाबरोबर महासागर पालथा घालतो. म्हणून थर जुळवणारा माणूस डोंगरातसुद्धा समुद्र शोधत असतो.

कन्हान ओलांडली आणि वालुकाश्म संपला. मनसरजवळ रस्त्याकडेचे दगड चमकू लागले, अभ्रकाचे. पुढचा सगळा मुलूख आतून भाजून निघालेल्या खडकांचा: पट्टिताश्म, अभ्रकी सुभाजा, क्वार्टझाइट, संगमरवर. आणि त्यांच्या मधून काळ्या शाईसारखं मँगनीज. बालाघाटपासून भंडारा-नागपूर जिल्ह्यांतून छिंदवाड्यापर्यंत हा पट्टा सुमारे दोनशे किलोमीटर जातो. विसावं शतक सुरू होत होतं तेव्हा इथे खाणी सुरू झाल्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस फर्मोर त्यांच्यामागून पायपीट करत आले. १९०९ मध्ये त्यांनी भारतातल्या मँगनीजवर हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. गार्नेट आणि गारगोटी यांच्या मिश्रणाचा एक खास मँगनीजी खडक त्यांना इथे भेटला. त्याला त्यांनी गोंडाइट म्हटलं, गोंड लोकांवरून.

तुमसरच्या उत्तरेला चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि सीतासावंगी. चिखल्याची खाण भूमिगत, डोंगरी बुजुर्गची उघडी. दोन्ही आता मॉइल चालवते. १९६२ मध्ये ही कंपनी उभी राहिली, त्याआधी इथे विलायती कंपनी होती. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड धातुक बॅटरीच्या सेलसाठी जातं. खाणीच्या आत जायला परवाना लागतो, म्हणून आम्ही बाहेरच्या टेकाडांवरच हिंडलो. पळस, मोह, तेंदू, आणि पायाखाली गोंडाइटचे जड काळे-नारिंगी गोटे. हातात घेतला की आकाराच्या मानानं वजन जास्तच भरतं.

सारथीभाऊ मागून येत होते. त्यांनी एक गोटा उचलून उलटसुलट केला. "गुरुजी, याच्यात पान-शंख काईच नाई भेटत का जी?"

"नाही भाऊ. हा दगड साचला तेव्हा शंख असलेला प्राणीच पृथ्वीवर नव्हता. आणि असता तरी एवढ्या तापात काय उरलं असतं?"

सगळा पेच या उत्तरात आहे. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. कवचधारी प्राणी मुबलक झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपासून. म्हणजे शंखशिंपल्यांच्या पट्टीनं मोजता येतो तो या ग्रहाच्या इतिहासाचा जेमतेम आठवा भाग. उरलेले सात भाग अशा खडकांत आहेत आणि भंडारा जिल्ह्याचा बहुतेक पाया त्यातलाच. मी याआधी प्रवास केले ते जीवाश्मांच्या गावांना. इथे मात्र प्रश्न उलटा होता. साक्षीदारच नसतील तर क्रम लावायचा कसा?

लावलाय, आणि तो कसा लावला ही कथा मला कामठीच्या पानाइतकीच मोलाची वाटते. या खडकांना सौसर समूह म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एस. नारायणस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची जी मांडणी केली, तिच्यातल्या थरांची नावं वाचली की एसटीचा फलक वाचल्यासारखं वाटतं: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबाहुली, जुनेवाणी, बिछुआ. त्यातली सीतासावंगी आमच्या समोर होती, झाडांतली कौलं दिसत होती. या गावाचं नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहे हे गावात किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलं असावं असं मला फार वाटलं.

शंख नसताना आधार होता तो मँगनीजचा. एवढं मँगनीज समुद्रतळावर साचायला खास परिस्थिती लागते. ती रोज येत नाही. म्हणून हा काळा थर दहा मैलांवर पुन्हा दिसला तर तो तोच, असं धरून चालता येतं. खूणथर म्हणा हवं तर. त्याच्या वर काय आणि खाली काय हे टेकडीमागून टेकडी नोंदवत जायचं. पण मँगनीजाचे थर एकाहून अधिक पातळ्यांवर आहेत. आणि खडक आडवे राहिलेले नाहीत, ते दुमडलेत, पुन्हा दुमडलेत. घडी घातलेल्या लुगड्याचा काठ एका बाजूनं पाहिला तर चार वेळा दिसतो, म्हणून लुगडी चार नसतात. तसं इथे एकच थर एका ओढ्याच्या काठावर वारंवार भेटतो. त्यातला कोणता सुलटा आणि कोणता उलटा? कामठीत पान असतं, पानाच्या वरच्या थरातलं पान नवं, खालच्यातलं जुनं, दिशा लगेच कळते. इथे दिशा सांगायला काही नाही. क्वचित जुन्या वाळूच्या लाटांची तिरपी नक्षी भाजणीतून वाचलेली असते, तीवरून वर-खाली ठरवता येतं. एरवी होकायंत्र आणि पाय.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेच डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३० च्या दशकात याच पट्ट्यातल्या देवलापारकडे हेच केलं. खडकांची एक चादरच्या चादर दुसरीवर सरकत गेली आहे, आल्प्समध्ये दिसते तशी, हे त्यांनी या प्रदेशात दाखवून दिलं. शंखाचा एक तुकडाही हाताशी नसताना, केवळ नकाशा काढत काढत. वेस्ट पुढे सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात भूविज्ञान विभाग उभारून तिथेच राहिले. सर त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

आज किरणोत्सारी घड्याळं आहेत. झिरकॉन, मोनाझाइट अशा सूक्ष्म खनिजांतलं युरेनियम ठराविक वेगानं शिसं होतं, त्यावरून वय काढतात. सौसरच्या खडकांतली मोनाझाइटं सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या तापाची साक्ष देतात. पण ते भट्टीचं वय, मडक्याच्या मातीचं नव्हे. चिखल समुद्रात साचला कधी, हे त्यातून थेट कळत नाही. शिंपला मात्र चिखलाबरोबरच पुरला जातो. तो थर साचण्याच्या क्षणाचाच असतो. त्याची उणीव यंत्रं पुरती भरून काढत नाहीत, हे चिखल्याच्या टेकाडावर उभं राहिल्यावर मला नीट उमगलं.

भंडाऱ्याला मुक्काम करून साकोलीकडे निघालो. हा तळ्यांचा रस्ता. कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव, भाताच्या बांध्या, आणि मधून मधून क्वार्टझाइटच्या अरुंद टेकड्या. टेकडीची खिंड हेरून तिथे पाळ घातली की पाणी अडतं. ज्यांनी ही तळी बांधली त्यांना खडकाची चाल चांगली कळत होती. हे साकोली समूहाचे खडक, चिखल्यापेक्षा कमी भाजलेले, बोटानं खरवडावेत असे हिरवट-राखाडी. इथल्या कायनाइटला भट्ट्यांच्या विटांसाठी मागणी असते.

साकोली समूह आणि सौसर समूह यांच्यात थोरला कोण? कुणी दोन्ही एकाच काळातले मानले, कुणी एकाला आधी ठेवलं, कुणी दुसऱ्याला. मध्ये पट्टिताश्माचा पट्टा आहे, गाळानं झाकलेली जमीन आहे, आणि भूकवचातला एक मोठा भंग आहे, म्हणून चालत जाऊन एक थर दुसऱ्याला जोडता येत नाही. दोन्हीकडे एका जातीचा एकेक शंख सापडला असता तर हा वाद एका दुपारीत मिटला असता, असं सर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "दुपारीत नाही, आधी हक्स्लीला उत्तर द्यावं लागलं असतं." टॉमस हक्स्ली यांनी १८६२ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीपुढे बजावलं होतं की दोन देशांत जीवाश्मांचा क्रम सारखा असला म्हणून ते थर एकाच वेळी साचले असं सिद्ध होत नाही. एक जात एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचायला काळ लागतो. क्रम सारखा आणि काळ सारखा या दोन वेगळ्या गोष्टी. म्हणून एका जीवाश्मावर कुणी विसंबत नाही. पाच-दहा जाती एकत्र पाहतात, कोणती कुठे प्रथम दिसते आणि कुठे नाहीशी होते ते टिपतात. जर्मनीत आल्बर्ट ओपेल यांनी ज्युरासिक अमोनाइटांवर हे शास्त्र बारीक केलं, आणि त्यांचे शिष्य विल्हेल्म वागेन यांनी तीच पद्धत १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांना लावली.

पवनीला पोचलो तेव्हा वैनगंगेवर ऊन तापलं होतं. साकोली समूहातल्या एका थराला पवनीचं नाव आहे, पण गावात येणारा माणूस जातो जगन्नाथ टेकडीकडे. १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी इथे उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आणला. पुरातत्त्ववाले खड्ड्याच्या भिंतीवर थर आखतात आणि प्रत्येक थरातली खापरं वेगळी ठेवतात. माती इथूनतिथून सारखीच. काळ सांगतं ते खापर आणि नाणं. भांड्याची घडण, चकाकी, रंग पिढ्यापिढ्यांनी बदलतात आणि सोडलेली घडण सहसा परत येत नाही. राजाचं नाणं त्याच्या राज्याच्या हद्दीपलीकडेही पोचतं आणि थोडकी वर्षंच पाडलं जातं. व्यापारानं दूर पसरणारी, थोडा काळ टिकणारी, तुकड्यावरून ओळखता येणारी आणि भरपूर सापडणारी वस्तू दोन गावांचे थर जोडून देते. भूवैज्ञानिक मार्गदर्शक जीवाश्माकडून नेमक्या याच चार गोष्टी मागतो. ही पद्धत पुरातत्त्वानं भूविज्ञानाकडूनच उचलली. टेकडीवर उभं राहिलं की खाली कोट्यवधी वर्षांचा मुका खडक आणि वर दोन-सव्वादोन हजार वर्षांची बोलकी माती, दोन्ही एकाच गावाची.

पवनीहून भिवापूर ओलांडून नांदकडे गेलो. जिल्हा बदलला, खडकही बदलला. मिरच्यांच्या शेतांनंतर काळी माती, तिच्याखाली लॅमेटा स्तरसमूहाचे तांबडे-हिरवट थर आणि त्यांच्यावर दख्खनचा काळा पाषाण. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा. इथल्या नांगरटीत डायनोसॉरची हाडं वर येतात, आणि त्यांच्या अश्मीभूत विष्ठेचे गोळेही. रिचर्ड लिडेकर यांनी १८७९ मध्ये इथल्या हाडांवरून टायटॅनोसॉरसची एक जात वर्णिली. विष्ठेच्या गोळ्यांत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले आणि २०११ मध्ये त्यांतले काही भाताच्या कुळाच्या जवळचे असल्याचं वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. भाताच्या जिल्ह्यातून येऊन हे ऐकताना अंगावर काटा आला. सारथीभाऊंनी तर पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

दख्खनच्या पाषाणाचं वय ठरण्याची गोष्ट याच परिसरातली. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मध्ये कधी तळी साचली, त्यांत गोगलगायी, मासे, बिया गाडल्या गेल्या. नागपूरच्या टाकळीला हिस्लॉपना असा थर मिळाला. त्यातला फायसा प्रिन्सेपी हा गोड्या पाण्यातला शंख जबलपूरपासून राजमहेंद्रीपर्यंत दिसतो. हा थर लाव्हांच्या मधला आहे एवढं तो चोख सांगतो. पण तो फक्त आपल्याकडचा, जगाच्या कालपत्रकाशी त्याला जोडायचं कसं? हिस्लॉपनी या थरांना डायनोसॉरांनंतरच्या तृतीयक कल्पात घातलं. १९३० च्या दशकात बिरबल साहनींनीही वनस्पतींच्या, विशेषतः ताडवर्गाच्या जीवाश्मांवरून तेच मत जोरानं मांडलं. मग १९८० च्या दशकात टाकळी आणि इतर ठिकाणच्या थरांत इग्डाबॅटिस नावाच्या पाकट माशाचे दात मिळाले. हा मासा नायजरच्या वाळवंटातून आधीच माहीत होता आणि तिथे तो क्रिटेशस कल्पाच्या अगदी अखेरचा. दोन-चार मिलिमीटरचे दात, पण त्यांनी टाकळी आफ्रिकेशी जोडली. लाव्हा डायनोसॉरांच्या काळातच वाहू लागला होता हे पक्कं व्हायला त्यानं मोठी मदत झाली. किरणोत्सारी मापनंही पुढे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासच आली.

टाकळीचा तो थर आता नागपूर शहराच्या पोटात गेला. तिथे इमारती आहेत, रस्ते आहेत. याचं मला मनापासून दुःख होतं. कारण जीवाश्माची किंमत त्याच्या जागेत असते. पिसदुऱ्याला हौसेनं येऊन गोळे पिशवीत भरून नेणारे लोक असतात. कोणत्या थरातून, कोणत्या शेतातून, वर काय होतं आणि खाली काय, हे एकदा तुटलं की तो गोळा शोभेचा दगड होतो. त्यावरून पुन्हा काही जुळवता येत नाही. आम्ही उचललेलं जागच्या जागी ठेवलं आणि सरांनी बांधावरच्या शेतकरीकाकांना पुन्हा एकदा हे सगळं समजावलं. काका म्हणाले, "आमी लहान होतो तवा याचे गोटे खेळाले घ्यायचो जी."

यातला सगळ्यात ताजा धागा भंडाऱ्याच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला आहे. तिथे लाव्हांच्या मधल्या थरात गेर्टा केलर आणि सुनील बाजपेयी यांच्या गटाला तरंगते फोरामिनिफेरा मिळाले. वाळूच्या कणाएवढे हे जीव समुद्राच्या पृष्ठभागावर वाहत जगभर पसरतात, त्यांच्या जाती झपाट्यानं बदलतात, म्हणून थर जुळवणाऱ्याला यांच्याइतका नेमका आधार क्वचित मिळतो. झिलमिलीच्या जाती डायनोसॉर संपल्यानंतरच्या अगदी पहिल्या काळातल्या ठरल्या. म्हणजे एका बाजूला टाकळीचा पाकट मासा, दुसऱ्या बाजूला झिलमिलीचे सूक्ष्मजीव, आणि पृथ्वीवरच्या त्या मोठ्या संहाराची रेघ या दोहोंच्या मधून कुठेतरी, आपल्याच काळ्या पाषाणात. पण झिलमिली आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. ते खारं पाणी तिथे आलं कसं, नर्मदेच्या खोलगटातून की गोदावरीच्या, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. उत्तर मिळेल ते अशाच आणखी थरांतून, आणि असे थर बहुधा विद्यापीठातल्या माणसाला आधी दिसत नाहीत. विहीर खणताना, रस्ता कापताना दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये पांढुरकी माती लागली, तिच्यात शंख दिसले, तर काम थोडं थांबवून फोटो काढावा, खोली मोजून ठेवावी आणि जवळच्या कॉलेजातल्या भूविज्ञानाच्या शिक्षकांना कळवावं. पिसदुऱ्याच्या काकांनी सरांचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहून घेतला आहे.